बोडक्या डोक्याची सुट्टी

काल भोरला न्हाव्याने मानेवर तुरटी फिरवली आणि त्या ओल्या वासासरशी मी थेट आमच्या गावी, वरव्यात, एसटीतून उतरलो, पुन्हा विशीतला.

लष्करी अधिकाऱ्याचं प्रशिक्षण सुरू झाल्यावर मिळालेली ती पहिलीच शनिवार-रविवारची सुट्टी. डोक्यावर मशीन फिरलेलं, केस नावालाच. मी छाती काढून गावातून चाललो. लोक बघायचे आणि गप्प व्हायचे. मला वाटलं, रुबाबाला दबले.

अंगणात बूट काढतोय तोच शेजारच्या सखूकाकी डोळ्याला पदर लावून आल्या. मागं चार बायका. माझे वडील, म्हणजे आबा, दोन दिवसांपूर्वी वेल्ह्याला आत्याकडं गेलेले सगळ्यांना ठाऊक होतं. आणि आमच्याकडं पोरगा असा बोडका परतला, की त्याचा अर्थ एकच.

काकी कुजबुजल्या, "कवा गेलं रं आबा? आईला सांगितलंस का न्हाई?"

मला काहीच माहीत नव्हतं. आबा गेले आणि मला कुणी कळवलंही नाही?

इतक्यात खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन आबाच आले. रडवेल्या बायका, माझं डोकं, सगळं बघून त्यांनी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"तुमीच की," काकी म्हणाल्या.

आबांनी पोतं खाली ठेवलं. "मग बसा की. च्या घिऊनच जावा."

पुढं काही वर्षांनी आबा खरंच गेले, तेव्हा मी असाच बोडका अंगणात बसलो होतो. काकी आल्या. पण रडण्याआधी त्यांनी एकदा वेल्ह्याच्या वाटेकडं पाहिलं.

मीही पाहिलं.