मुकी शिकवणी

माझ्या बायकोचा आवाज बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापासून खाली पार्किंगपर्यंत जातो. वॉचमनला वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र पाठ आहे. सव्वीस वर्षं ती आमच्या हॉलमध्ये नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. हिमायतनगरच्या वाटेवर कोचिंगवाल्यांचे फलक असतात आणि त्यांवर पहिली आलेली मुलं इतकी असतात, की दुसरं कोण येतं हे कळायला मार्ग नाही. आमच्या दारावर फलक नाही. आवाज होता, तेवढा पुरत होता.

जानेवारीत तो आवाज बसला. आधी हळद-दूध झालं, मग ज्येष्ठमध झालं, शेवटी घशाच्या डॉक्टरीणबाई झाल्या. त्यांनी आत कॅमेरा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, स्वरयंत्रावर बारीक गाठी आहेत. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त त्रास होतो. मी चेहरा गंभीर ठेवला. चाळीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवल्यामुळे मला तो ठेवता येतो. तिनं मात्र पर्समधून कागद काढून लिहिलं, ‘बोर्डाआधीची प्री-फायनल दोन आठवड्यांवर आहे.’

पहिले दोन दिवस वर्ग मी घेतला. अध्यापनपद्धतीवरच्या शिबिरांना मी नोकरीत बऱ्याचदा बसलो होतो. मुलांना बोलतं करा, असं तिथे तीन-तीन तास आम्हाला कुणालाही बोलू न देता सांगत असत. मी त्रिकोणमिती घेतली आणि माणसाला उंची मोजायची गरज का पडली इथपासून सुरुवात केली. मुलांनी सगळं उतरवून घेतलं. अर्ध्या तासानं पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “अंकल, ये एक्झाम में आता क्या?”

“नाही.”

“हौ,” ती म्हणाली आणि तिनं पेनाचं टोपण लावलं.

ही मुलगी दहावीतली, आमच्याच गल्लीतल्या शिंप्याची. माझ्या बायकोला तिची सगळ्यात जास्त काळजी होती, कारण ती कधीच अडत नसे. काहीही शिकवा, मान डोलवून “हौ मिस, समझ में आया” म्हणे आणि पेपरात पानं कोरी ठेवून येई. सहामाहीला ती गणितात नापास झाली होती. बाकी विषयांत बरी होती. बायको तिला तेच गणित पुन्हा सांगायची, आणखी सोपं करून, आणखी मोठ्यानं. मुलगी पुन्हा “हौ.”

तिसऱ्या दिवशी बायकोनं मला स्वयंपाकघरात पाठवलं आणि आपल्या खुर्चीत बसली. हातात आबिड्सच्या बाजारातून आणलेली खेळण्यातली पाटी, पान उचललं की अक्षरं पुसली जाणारी. तिच्यावर फार तर चार शब्द मावत. त्यामुळे आधी लांबलचक सूचना आखडल्या, मग वाक्यं गेली, आणि आठवड्याभरात पाटीवर फक्त प्रश्नचिन्ह उरलं. मूल फळ्याशी उभं राहायचं, एक पायरी लिहून वळून बघायचं. ती प्रश्नचिन्ह दाखवायची. मूल पुन्हा फळ्याकडे.

एकदा त्या मुलीची पाळी आली. मिनाराची सावली दिलेली, उंची काढायची. मी दाराआडून पाहत होतो. मुलगी खडू धरून उभी राहिली, नुसतीच. एरवी दुसऱ्या सेकंदाला हॉलमधून “अगं, काटकोन कुठाय?” असं गर्जत आलं असतं. आता काही येईना. बायकोनं खुर्चीचा हात असा धरला होता, की मला तिच्या घशापेक्षा रक्तदाबाची चिंता वाटली. मागून एक मुलगा तेलुगूत काहीतरी पुटपुटला. मुलगी त्याच्यावर खेकसली, “ठैर ना रे, मैं देखरी!” मग स्वतःशीच बडबडत तिनं मिनार काढला, पुसला, सावली दुसऱ्या बाजूला घेतली, पुन्हा पुसली. माझ्या घड्याळात अकरा मिनिटं झाली. उत्तर आलं. ती वळून “हौ” म्हणाली नाही. हातातला खडू बघत राहिली.

प्री-फायनलला ती पास झाली. कोचिंगवाल्यांच्या फलकावर लागावी अशी नाही, पण तीन पानं भरून आली होती. चुकाही तिच्या स्वतःच्या होत्या. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे गुण थोडेथोडे चढले होते.

त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी थोडं बोलायला परवानगी दिली. घरी आल्यावर बायकोनं चहा ओतला, समोर बसली आणि तीन आठवड्यांतलं पहिलं वाक्य बोलली, “सव्वीस वर्षं मीच मध्ये येत होते का हो?”

या पहिल्या वाक्यासाठी मी एक विनोद तयार ठेवला होता. तो चहाबरोबर गिळला. म्हणालो, “तू आधी इतकं शिकवलंस, म्हणून त्यांना आता शोधायला काही सापडलं.”

“उगाच गोड बोलू नका. तुम्हाला सवय नाही.” मग कपाकडे बघत म्हणाली, “ही बॅच झाली की बंद करते.”

रोज साडेतीनला ती केस विंचरते, साडी बदलते, फळा ओल्या फडक्यानं पुसते. चार वाजले की आमचं घर तिचं होतं. ते बंद झालं तर साडेतीनला ती काय करेल, हे मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी चारला मुलं आली. पाटी आता लागणार नव्हती. तीच मुलगी फळ्याशी गेली आणि दुसऱ्याच ओळीला अडली. बायकोनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. स्वतःवर भरवसा राहिला नाही तेव्हा उठली आणि आत यायला निघाली. तिचे डोळे भरले होते, मला दारातून दिसलं.

“मिस, कहाँ जारे?” खुर्ची सरकल्याचं ऐकून मुलीनं फळ्याकडे पाठ न करताच विचारलं.

“पानी पीने,” ही म्हणाली. खोटं होतं, बाटली खुर्चीजवळच होती.

“आप बोलो नक्को मिस,” मुलगी म्हणाली. “पर जाओ बी नक्को. आप बैठे तो मेरे कू सूझता.”

ही परत जाऊन बसली. पदराचं टोक तोंडावर धरलं, खोकला आल्यासारखं. मुलीनं दुसरी ओळ पुसली आणि नव्यानं सुरुवात केली. मी गॅस बारीक केला, कारण कुकर शिट्टीच्या बेतात होता.

बोर्डाची परीक्षा अजून व्हायची आहे. मुलगी काय करेल, सांगता येत नाही. परवा कुणा आईचा फोन आला, पुढच्या वर्षी मुलाला घ्याल का, आणि तुम्ही नीट समजावून सांगता ना?

“जूनमध्ये पाठवा,” बायको म्हणाली. “पण मी फारसं बोलत नाही हं. मी नुसती बसलेली असते.”

पलीकडच्या बाईंना ते पटलं नसावं, कारण नंतर बराच वेळ ही त्यांना ते समजावून सांगत होती.