हेमांगी सिस्टरची तक्रार

पाचोऱ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात हेमांगी सिस्टरने वीस वर्षं काढली. जीभ तिखट, पण हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. खेड्यातून एक पेशंट आला की मागे टेम्पोभर माणसं येणार, हे तिला पाठ होतं. आधी पेशंट कोण आणि वऱ्हाडी कोण ते सांगा, असं म्हणून ती सगळ्यांना दाराशीच अडवायची. लोक हसायचे आणि बाहेर थांबायचे.

एका मंगळवारी मात्र ते थांबले नाहीत. पुना आणि त्याची बायको रूपा मोटरसायकलवरून जाताना ट्रॅक्टरला धडकले. पुनाचा पाय मोडला, म्हणून त्याला एक्सरेला नेलं. रूपाचं रक्त फार गेलं होतं. हात सुजलेला, शीर सापडेना, बांगड्या निघेनात. हेमांगीने त्या सरळ फोडल्या, सलाईन लावलं आणि हिरव्या काचांचा ट्रे घेऊन ती बाहेर आली.

दारात रूपाचा दीर जीवराम उभा होता. त्याने ट्रे पाहिला. वहिनीच्या बांगड्या फोडल्या म्हणजे भाऊ गेला, हा अर्थ लावायला आपल्याकडे शाळेत जावं लागत नाही. त्याने हंबरडा फोडला, सलाईनचा स्टँड उचलला आणि हेमांगीच्या हातावर घातला. मनगट मोडलं. पुना तेव्हा शेजारच्या खोलीत पाणी मागत होता.

हेमांगी घरी बसली. प्लास्टर निघालं, पण भीती निघेना. नोकरी सोडते, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं. दवाखान्यातल्या माणसांना मारहाण करणाऱ्यांसाठी कायदा आहे, हे तिला माहीत होतं. तसा फलक तिच्या टेबलामागेच होता. पण तो डॉक्टरांसाठी, अशी तिची समजूत. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराने वाचून दाखवलं, त्यात नर्सही होती. हेमांगीला रडूच आलं. ज्याने तो शब्द घातला त्याचं भलं होवो, असं ती आजही म्हणते.

मग तडजोड आली. गावातले चिंधा नाना साडी-नारळ घेऊन दारात आले, रूपालाही सोबत आणलं. पोरगं चुकलं, जन्माला डाग लागेल, जबाब तेवढा फिरवा, असं म्हणत त्यांनी हात जोडले. जीवरामवर हेमांगीचा राग उरला नव्हता. पण आज हे मिटवलं तर उद्या दुसऱ्या सिस्टरचं डोकं फुटेल, हेही तिला दिसत होतं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणावं, तेवढं तिला कळेना.

बोलली ती रूपा. "नाना, ती साडी पिशवीमा ठेवा. सिस्टरनी शीर सापडाडी म्हनीसन मी जित्ती शे. कोर्टमा साक्ष मी देसू."

नाना चपापले. दिराविरुद्ध बोलून त्याच घरात कशी नांदशील, असं त्यांनी विचारलं.

"त्याले बी हाईच सांगेल शे," रूपा म्हणाली.

हेमांगीने तिचे दोन्ही हात धरले. वीस वर्षांत शेकडो लोक तिला धन्यवाद देऊन गेले होते; एवढं मोठं देणं कोणी दिलं नव्हतं. पुढच्या सोमवारी ती ड्यूटीवर गेली. सलाईनचा स्टँड आधी दारापासून लांब सरकवायची, पण रोज गेली.

खटला उभा राहायला वर्ष लागलं. साक्षीच्या दिवशी हेमांगी कोर्टाच्या फाटकाशी रूपाची वाट पाहत होती. एस.टी. येऊन गेली, रूपा उतरली नाही. पुढची एस.टी. कधी, ते हेमांगीने पानवाल्याला विचारलं.

तेवढ्यात एक मोटरसायकल येऊन थांबली. मागे डोक्यावर पदर घेतलेली रूपा होती, आणि तिला घेऊन आला होता जीवराम.