पेढीचं घड्याळ वीस मिनिटं पुढं

“मॅडम, तुमच्या ॲपनं आमचं नाक कापलं की वो!” फोनवर आप्पा तापलेले. सांगलीत त्यांची हळदीची पेढी. मधला दलाल टाळून थेट लंडनला माल पाठवायचा हा त्यांचा पहिलाच प्रयत्न, आणि दोन देशांच्या वेळा जुळवणाऱ्या माझ्या वेब ॲपचं ते पहिलंच गिऱ्हाईक. ॲपवर ‘मीटिंग सुरू’ आलं. आप्पा कोऱ्या स्क्रीनकडे हसून बघत बसले, शेवटी वैतागून उठले. मग माल घेणारा लंडनचा साहेब आला. इकडे कोणीच नाही. त्याचा मेल आला: उद्या पुन्हा बोलू, नाहीतर विषय बंद.

अशा ॲपमध्ये सर्व्हर साऱ्या जगासाठी एकच वेळ धरतो, तिला यूटीसी म्हणतात. प्रत्येक शहराचे नियम डेटाबेसमध्ये असतात, त्याप्रमाणे तास मिळवायचे किंवा वजा करायचे. लंडन तर उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे ढकलतं. घोळ तिथेच असणार, असं मी धरून चालले. नियम तपासले, ब्रिटिश सरकारला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. सगळं बरोबर निघालं.

शेवटी पेढीवर गेले. कॉम्प्युटरचं घड्याळ माझ्या मोबाइलच्या वीस मिनिटं पुढे!

“आप्पा, हे काय?”

“ते व्हय? मीच केलंय. सौद्याला गडी येळेवर येत न्हाईत.”

“मग आता येतात?”

“न्हाई. त्यास्नी बी ठावं हाय.”

म्हणजे आप्पांसकट अख्खी पेढी मनात वीस मिनिटं वजा करते. करत नव्हतं ते एकटं माझं ॲप. शहरांचे नियम ते सर्व्हरवरून घ्यायचं, पण ‘आत्ता किती वाजले’ हे समोरच्या कॉम्प्युटरला विचारायचं आणि भाबडेपणानं खरं मानायचं.

“घड्याळ बरोबर लावा,” मी म्हणाले.

“आन् गडी आनखी उशिरा आले म्हंजे?”

घड्याळ तसंच ठेवलं. ‘आत्ता’सुद्धा सर्व्हरलाच विचारायचं, असा बदल मी कोडमध्ये केला. दुसऱ्या दिवशी आप्पा आणि साहेब एकाच वेळी स्क्रीनवर आले, ऑर्डर पक्की झाली. मला मनापासून आनंद झाला. तो आठवडाभर टिकला.

“मॅडम, गडी आता ॲपात बघून मला खरी येळ सांगत्यात! लंडनची बरोबर ऱ्हाऊ द्या, पर सांगलीची तेवढी वीस मिनटं पुढं करा.”

मी तसं बटण दिलं. आता बाजारातल्या इतर पेढ्याही ॲप घेतात. लंडनशी त्यांचा काडीचा संबंध नाही, बटणासाठी घेतात. बग दुरुस्त करण्याआधी तो बगच आहे ना, हे मालकाला विचारून घ्यावं.