साइमीच्या ओल्या सतरंज्या

मे संपत आला की काउको राउमाहून बस पकडून तुर्कूला बहिणीकडे जायचा. काम एकच असायचं, सतरंज्या धुवायच्या. आईने चिंध्या विणून केलेल्या त्या सतरंज्या साइमीच्या घरभर पसरलेल्या होत्या. त्यांतली एक तर स्वयंपाकघरापासून पार पुढच्या दारापर्यंत पुरायची. बापाचे कामावरचे सदरे, जुने पडदे, भावंडांचे फाटके कोट, सगळं त्यांत गेलेलं. हिवाळाभर चुलीची राख आणि ओल्या मोज्यांचं पाणी त्यांनी पोटात घ्यायचं, आणि ऊन धरलं की नदीवर जायचं.

सुकी सतरंजी बाईमाणूस काखेत घालून नेईल. ओली झाली की ती दोघांना दमवते. पाणी घडीत साचतं, वजन एका टोकाला धावतं, आणि ज्याच्या टोकाला धावतं त्याने पाय रोवले नाहीत तर दोघंही आडवे. काउकोला हे सांगावं लागत नव्हतं. उभी हयात त्याने तुर्कूच्या बंदरात जहाजं भरण्यात आणि रिकामी करण्यात घालवली होती. बायको वारल्यावर तो राउमाला तिच्या माहेरच्या घरी राहायला गेला, तेव्हा त्याचं पेन्शन सुरू झालेलं होतं.

यंदा मात्र त्या धुण्यावर साइमीचं घर टांगलेलं होतं. लाकडी घर, लाकडाची चूल, अंगणात बर्फ. साइमी अठ्ठ्याहत्तरची. तिची लेक मार्युत तांपेरेला राहायची, आणि आईने जवळच्या फ्लॅटात यावं म्हणून गेली दोन वर्षं मागे लागली होती. ईस्टरला दोघींचं कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी मार्युतने अट घातली. "तू आणि मामा मिळून सतरंज्या धुता, लाकडं फोडता, तोवर मी तोंड उघडणार नाही. ज्या वर्षी जमणार नाही त्या वर्षी घर विकायचं. कबूल?"

साइमीने जागच्या जागी कबूल केलं आणि भावाला फोन करून हसत हसत सांगितलं. काउकोही हसला. फोन त्याच्या उजव्या हातात होता. डावा मांडीवर पडलेला.

जानेवारीत लाकडं रचताना तो डावा हात अचानक सुटला होता. डॉक्टर म्हणाले, डोक्यात बारीकशी गुठळी झाली होती, हळूहळू सगळं परत येईल. जीभ परत आली, पाय परत आला, मूठ आली नाही. बोटं मिटायची, पण धरायची नाहीत. काउको रोज पाण्याची बादली उचलून अंगण ओलांडायचा प्रयत्न करायचा आणि मध्येच कुठेतरी बादली पायावर घ्यायचा. तुर्कूला त्याने हे कळवलं नाही. मग त्याने पट्ट्याचा एक फास केला, मनगटात अडकवला आणि ओल्या पोत्याला गुंडाळून पाहिला. पोतं टिकलं.

बंदरात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट दरडावून सांगायचे: ओझं हातात धर, हात ओझ्याला बांधू नकोस. काउकोने स्वतः कितीकांना हे ओरडून सांगितलं होतं. फास बांधतानाही ते त्याच्या डोक्यात होतंच. त्याने सदऱ्याची बाही खाली ओढून घेतली.

नदीकाठी धुण्याच्या फळ्या, नळ आणि पाणी पिळून काढायला हाताने फिरवायचे दोन लाकडी रूळ होते. पलीकडे झाडं पांढऱ्या फुलांनी लगडलेली. शेजारच्या फळीवर आउने घासत होती. ती साइमीच्या गल्लीतली, जिभेने तिखट.

"आले का राउमाचे जावई?" तिने हाक दिली. "आणि हे काय, एवढ्या उन्हात लांब बाह्या? नवरदेव दिसतोस."

"वारा आहे," काउको म्हणाला.

"वारा! बंदरात उघड्या अंगाने फिरायचा हा, डिसेंबरात. म्हातारा झालास रे."

"तू सोडून सगळे होतात," साइमी म्हणाली. "हात चालव आउने, तोंड चाललंय ते पुरे."

हातगाडीवरून आणलेल्या चार सतरंज्यांतल्या दोन लहान आधी झाल्या. पाइनच्या साबणाने काउकोने उजव्या हाताने घासलं, विणीच्या दिशेने, आडवं नाही. डाव्या कोपराने टोक दाबून धरलं. त्या दोन साइमीने एकटीनेच रुळांतून काढल्या. तिला वाटलं, भाऊ घासण्यात रमलाय.

मग लांब सतरंजी. ती धुऊन, पाणी नितळ येईपर्यंत खळबळून, चढावरून रुळांपर्यंत न्यायची होती. खालचं टोक नेहमी काउकोचं, कारण वजन खाली येतं. साइमी वळलेली बघून त्याने फास बाहेर काढला आणि गुंडाळीवर आवळला.

"धरलंस?"

"धरलं."

"मग चल. आणि कण्हू नकोस, आउने ऐकतेय."

अर्ध्या वाटेपर्यंत नीट गेलं. पुढे वाटेच्या फळ्यांवर कोणाचा तरी फेस सांडलेला होता. घडीतलं पाणी काउकोकडे धावलं, वजन वाढलं आणि त्याचा बूट सरकला. एरवी तो टोक सोडून बाजूला झाला असता. सतरंजी पडली असती, पुन्हा धुतली असती, झालं. पण आता सोडायला त्याच्या हातात काही नव्हतंच. फासाने मनगट ओढलं, तो गुडघ्यांवर आदळला आणि त्याच्यासकट सतरंजी उतारावरून घसरली. साइमीने आपलं टोक दोन्ही दंडांत कवटाळलं होतं. ती पुढे ओढली गेली आणि तिची हनुवटी फळीच्या कडेवर आपटली.

आउने धावत आली. साइमी बसती झाली, हनुवटीतून रक्त गळत होतं. "मोडलं नाही काही," ती म्हणाली. "त्याला बघ."

काउको उजव्या हाताने फास सोडवत होता. ओला पट्टा सुटेना. साइमी सरकत त्याच्यापर्यंत गेली, पट्टा पाहिला, मनगटाचा काळानिळा वळ पाहिला.

"बांधून घेतलंस?"

तो पट्टा ओढतच राहिला.

"काउको, तू? बांधून घेतलंस स्वतःला?"

"मूठ राहत नाही."

"कधीपासून?"

"जानेवारी."

तिने आपलं बोट त्याच्या डाव्या तळव्यात ठेवलं. "दाब."

काउकोने दाबलं. खांद्यापर्यंतची शीर ताठ झाली, कपाळावर घाम आला.

"दाब ना."

"दाबतोय."

साइमीने बोट तसंच थोडा वेळ राहू दिलं. मग काढून घेतलं आणि पट्टा दातांनी सोडवला.

आउनेने तिच्या हनुवटीला रुमाल लावला. एरवी तिने दोघांची सालं काढली असती, आज ती गुमान आपल्या फळीशी गेली. काउको म्हणाला, "लाकडांना माणूस लावू. बर्फालाही. मार्युतला कशाला कळायला हवंय? एक हिवाळा काढू गं."

"आणि पुढच्या मेला काय बांधशील? गळा?"

"ओरड हवं तर."

"ओरडायला दम कुठाय?" तिने एप्रनमधून फोन काढला. रुमाल हनुवटीवर दाबत तिने लेकीला लावला. "मार्युत? या रविवारी ये. घर बघायला माणूस आणायचा म्हणत होतीस ना, त्याला आण... नाही, नाही, मामाला काय धाड भरलीय? बैल आहे नुसता. माझ्याच्याने उचलवत नाही आता. मी पडले. नाही, लागलं नाही. रडू नकोस, तुझ्याच मनासारखं होतंय."

फोन बंद झाल्यावर काउको म्हणाला, "खरं का नाही सांगितलंस?"

"तिला कळलं तर तुलाही कुठल्या तरी फ्लॅटात कोंडेल. एकाचं घर गेलं ते पुरे."

त्याने फोन मागायला उजवा हात उचलला. सगळं सांगून टाकावं, दोष आपल्याकडे घ्यावा. पण खरं सांगून बहिणीचं घर वाचणार नव्हतं. खोट्याने वाचत होता तो फक्त त्याचा स्वतःचा दरवाजा. राउमाचं अंगण, तिथली लाकडं, सकाळची एकट्याची कॉफी. हात त्याने तसाच खाली घेतला. गुडघ्यातली कळ आता कुठे सुरू झाली होती.

लांब सतरंजी उतारावर पडलेली, पुन्हा मळलेली. चौथी अजून गाडीवर होती, कोरडी.

"राहू दे ही," तो म्हणाला. "फ्लॅटात एवढी लांब मावणार कुठे?"

"मावो न मावो. मळकी टाकून जाणार नाही मी." साइमी फळीला धरून उठली. एक पाय जपून टाकत होती. "आउने! जरा ये गं इकडे."

आउने ओले हात पुसत आली आणि काही न विचारता खालच्या टोकाशी वाकली. काउको बाजूला झाला. दोघींनी पाय रोवले, साइमीने मोजलं, आणि सतरंजी उचलली गेली. आउने वाटेत दोनदा थांबली. थांबली की साइमीही थांबायची, वाट बघायची, मागे वळून बघायची नाही.

काउको वाटेवरचा फेस झाडायला झाडू शोधू लागला.