टँकरच्या रांगेतलं प्रदर्शन

गारखेड्याच्या वाचनालयात भानुमतीबाईंनी सारी नोकरी काढली. जुने दिवाळी अंक बांधणीला निघाले की बाइंडर आधी मुखपृष्ठं टरकावून कोपऱ्यात फेकी. वरून पुठ्ठा चढणार, मग त्या रंगीत कागदाला विचारतो कोण! बाई मात्र ते उचलत, पदरानं पुसत आणि घरी नेत. चित्रकारानं जीव ओतलेला कागद केरात जावा, याचा त्यांना मनस्वी संताप येई.

निवृत्त होईतो दोन पेट्या भरल्या. त्यात दुष्काळ पडला. कॉलनीतल्या बोअर आटल्या, गल्लीत टँकर येऊ लागला, पण बीड बायपासला इमारतींवर इमारती चढतच होत्या. त्यातल्याच एकीत बाईंच्या यजमानांनी, व्यंकटरावांनी, फ्लॅट घेतला आणि पेट्यांकडे बोट दाखवून बजावलं, "ही रद्दी तिकडं यायची नाही."

"हॉलच्या भिंतीवर लावायचीत मला ती."

"कोण बघतंय? परकी चार माणसं थांबून बघताना दाखव, मग लाव खुशाल!"

झालं, बाई इरेला पेटल्या! एका कलादालनात गेल्या, तर तिथल्या साहेबांनी "छापील कागदाला आम्ही चित्र म्हणत नाही," असं सुनावून वाटेला लावलं. मग या शहरात माणसं थांबतात तरी कुठं? उत्तर त्यांच्याच गल्लीत हंडे घेऊन उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी कुंपणाला दोऱ्या ताणल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी मुखपृष्ठं टांगली. नऊवारीतली बाई पदर खोचून स्कूटर उडवतेय, चंद्रावर कुणी चकल्या तळतंय, आणि मधोमध आतल्या पानासकट निघालेलं एक खिडकीचं चित्र. कापलेल्या खिडकीतून दोन गुबगुबीत दंड दिसतात, मनात नाही नाही ते येतं, आणि खिडकी उघडावी तर आत घामाघूम आचारी कणीक तिंबतोय!

"अगं, ते चावट तरी काढ!" व्यंकटराव दारातून ओरडले. "लोक काय म्हणतील?"

लोक काही म्हणाले नाहीत, लोक खो खो हसले. एकीनं खिडकी उघडली, दुसरीनं सासूला ओढून आणलं. जिथं रोज हंड्याला हंडा आपटून एकमेकींचे आईबाप उद्धरले जात, तिथं कुठला रंग खुलून दिसतो यावर वाद रंगला. एवढ्यात टँकर आला.

कोपऱ्यावरच्या द्वारकाबाई म्हणजे पाण्याच्या नंबरासाठी सख्ख्या भावालाही न सोडणारी बाई. त्या स्कूटरवालीसमोर खिळून उभ्या होत्या. कुणीतरी हाक मारली, "द्वारकाबाई, नंबर आला तुमचा!"

"तू घे आधी. मला बघू दे."

हे ऐकून व्यंकटराव पायऱ्या उतरून खालीच आले. द्वारकाबाई त्यांच्याकडे वळल्या. "माझी माय अशीच पदर खोचून गाडी हाकायची, दादा. लई दांडगी व्हती. तिचा एक फोटू नाय आमच्याकडं. ही परत बघायची तर कुठं यायचं?"

व्यंकटरावांनी घसा खाकरला. "नव्या घरी या. हॉलमध्ये शिरलं की समोरच दिसेल. मी स्वतः लावतोय."

भानुमतीबाईंनी ते ऐकलं आणि साऱ्या गल्लीदेखत मोठ्यानं हसल्या. त्या जिंकल्या होत्या, आणि ते लपवायची त्यांची बिलकूल इच्छा नव्हती.