रेडिएटरवाले चाचा आणि माझा तापलेला प्रोसेसर

जगातल्या यच्चयावत वस्तूंची, माणसं धरून, चाचा दोनच प्रकारांत वाटणी करतात: एक तापलेल्या आणि दुसऱ्या तापायच्या राहिलेल्या. तिसरा प्रकार त्यांना मंजूर नाही. लोणावळ्यात जुन्या हमरस्त्याच्या कडेला त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. खोपोलीकडून घाट चढून आलेले ट्रक पूर्वी वर पोचेपर्यंत नाकातोंडातून वाफा सोडायचे, आणि त्यातले निम्मे तरी चाचांच्या दारात येऊन धापा टाकायचे. माझ्या वडिलांचा ट्रक त्यातलाच एक. तो इतक्या वेळा उकळला की गाडीवाला आणि रेडिएटरवाला यांची घट्ट मैत्री होण्याखेरीज दोघांपुढे दुसरा मार्गच उरला नाही. तेव्हापासून आम्हा दोघा भावांचे ते चाचा. त्यांचं खरं नाव मला दहावीत असताना कळलं, पण तोवर फार उशीर झाला होता.

चाचा कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी घराची तपासणी करतात. टीव्हीच्या पाठीला, फ्रिजच्या मागच्या जाळीला, इन्व्हर्टरच्या डोक्याला पालथा हात लावून बघतात आणि हुंकार देतात. माझ्या लग्नात स्टेजवर आले, आहेराचं पाकीट दिलं, आणि नवरीच्या डोक्यावर हात ठेवायचा तो तिच्या कपाळाला पालथा लावून गरजले, "पोरगी तापलीय! ती बत्ती लांब करा की रं!" फोटोग्राफर घाबरून दिव्यासकट पाच पावलं मागे गेला. आमच्या अल्बममध्ये तिथून पुढचे सगळे पाहुणे संध्याकाळी आल्यासारखे दिसतात. दुसऱ्या दिवशी बायकोला खरंच ताप भरला, त्यामुळे तिला मात्र चाचांविषयी आदरच आहे.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे हवा. "हवा खेळली पायजे," हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणतात ते चाचींनाच विचारावं. स्कूटरचे बाजूचे पत्रे त्यांनी केव्हाच काढून टाकले आहेत, तिला गुदमरायला होतं म्हणून. लाकडी कपाटाला त्यांनी स्वतःच्या हाताने ड्रिलने भोकं पाडली, कपड्यांना श्वास मिळावा म्हणून. कपड्यांना मिळाला की नाही कोण जाणे, पण एका उंदीरबाईंना संसार थाटायला उत्तम जागा मिळाली. बँकेत गेले की ते एकेक खिडकी उघडत जातात आणि एसी सांभाळणारा शिपाई त्यांच्या मागून एकेक बंद करत येतो. लोणावळ्याच्या पावसाळ्यात ढग सरळ माणसांच्या घरात शिरतात, पण चाचांच्या घराच्या खिडक्या बारा महिने सताड उघड्या. चाची एकदा मला म्हणाल्या, "ह्यांच्याशी निका लागला तवापासनं माझी चादर वाळलेली न्हाई."

पण चाचांचा सगळ्यांत मोठा नियम वेगळाच. तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी ओतायचं नाही, ते तडकतं. हा नियम त्यांनी आमच्यावरही चालवला. वडील गेले आणि महिन्याभरात मी त्यांचा ट्रक विकला. धाकट्याला तो ठेवायचा होता. दोघांचे आवाज भाजे गावातल्या आमच्या अंगणातून रस्त्यावर जायला लागले, शेजारपाजारचे चार शहाणे समजूत घालायला जमले, आणि तेवढ्यात चाचा आले. त्यांनी सगळ्या शहाण्यांना हात जोडून घालवून दिलं, आमच्या दोघांच्या मध्ये बसले आणि तासभर चकार शब्द न बोलता शेंगा सोलत राहिले. भांडण निवलं. पण आमचं बोलणंही त्याबरोबर निवत गेलं, याला चाचांचा इलाज नव्हता. "राहू दे," एवढं म्हणून धाकटा उठला. पुढे नोकरीसाठी जर्मनीला गेला. फोन यायचे, पण "जेवलास?" "जेवलो. तू?" "जेवलो," यापलीकडे आमच्यात विषय नसायचा. दोन सख्ख्या भावांनी सहा वर्षं एकमेकांच्या जेवणाची हजेरी घेतली.

मग गेल्या दिवाळीत त्यानेच विषय काढला. कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक गेम आहे, त्यात दोन देशांतली माणसं एकाच रस्त्यावर आपापला ट्रक हाकू शकतात. "दादा, चांगला कॉम्प्युटर घे ना. रविवारी आपण दोघं बरोबर चालवू." सहा वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी टाकव्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे तयार कॉम्प्युटर घेणं मला कमीपणाचं वाटलं. सुटे भाग मागवले, व्हिडिओ बघितले आणि दोन सुट्ट्यांत जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या हाताने जोडला. पेटी काचेची, आत सात रंगांचे पंखे. सुरू झाला तेव्हा बायकोने त्याला कुंकू लावलं.

पहिल्या रविवारी अकरा मिनिटं चालला. प्रोसेसरचं तापमान बघता बघता शंभरावर गेलं आणि पडदा काळा. फोनवर धाकट्याचा आवाज, "दादा, कुठे गेलास?" दुसऱ्या रविवारी नऊ मिनिटं. मी पंख्यांचा वेग वाढवला, पेटीची काच काढली, शेजारी टेबलफॅन लावला. तिसऱ्या रविवारी सात मिनिटं. तळेगावातल्या दुकानदाराने सांगितलं, ठेवून जा, दहा-बारा दिवसांनी बघू. आणि धाकटा फोनवर म्हणाला, "राहू दे दादा. नसेल जमत तर राहू दे." तेच दोन शब्द, त्याच आवाजात. मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या काचेच्या पेटीकडे बघत बसलो. बायकोने हे बघितलं आणि मला न विचारता लोणावळ्याला फोन लावला. एवढंच म्हणाली, "चाचा, कॉम्प्युटर तापतोय." चाचांना एवढं पुरे होतं.

अर्ध्या तासात नागड्या स्कूटरवरून ते हजर. पेटीभोवती एक प्रदक्षिणा घातली. "ह्यात पाणी कुटनं घालायचं?"

"चाचा, यात पाणी नसतं. हा हवेवर गार होतो."

"मंग बेस," ते खूश होऊन म्हणाले आणि बायकोला हाक मारली, "सूनबाई, उदबत्ती आन."

मला वाटलं, आता पूजा. पण त्यांनी पेटती उदबत्ती पेटीच्या पुढच्या पंख्याशी धरली. धूर आत गेला. मग मागच्या पंख्याशी धरली. धूर तिथूनही आतच गेला. चाचांनी माझ्याकडे बघितलं. "दोनी दारांनी पावणे आत घेतोय. बाहेर जायची वाट कुटं हाय?" मागचा पंखा मी उलटा बसवला होता. कारखान्यात माणसांना हवेची दिशा शिकवणारा मी! मुकाट्याने तो फिरवला, गेम लावला. यावेळी मिनिटं बारा झाली, पण शेवटी शंभर ते शंभर आणि पडदा काळाच.

मी हात टेकले. चाचांनी मात्र हात आत घातला. प्रोसेसरच्या डोक्यावर पत्र्यांच्या चळतीचा एक मोठा कूलर बसवलेला असतो. त्या पत्र्यांना त्यांनी पालथा हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"गार हाय."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं?" चाचा ओरडलेच. "आरं, इंजन उकळतंय आन रेडिएटर गार! ह्याच्याइतकं वंगाळ काय न्हाई. ताप वरपातूर पोचतच न्हाई. मदी कायतरी आडलंय."

मी लगेच पेचकस उचलला, तर त्यांनी तो काढून घेतला. तापलेल्यावर हात घालायचा नाही. चहा झाला, बशीत ओतून गार करून प्यायला गेला, आमच्या गावच्या हवेची निंदा झाली. मग त्यांनी परवानगी दिली. मी चार स्क्रू सोडवून कूलर उचलला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा चिकटलेला होता. ताप वर पोचावा म्हणून प्रोसेसरवर पेस्ट लावतात, ती मी लावली होती आणि ती त्या पापुद्र्याला सुरेख माखली होती.

चाचांनी पापुद्रा उजेडात धरला. "ह्यावर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. "बसवण्यापूर्वी हे काढून टाकावे."

बायको पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही, दुसराच आवाज येत होता. चाचा हसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या बापानं नव्या रेडिएटरचं बूच न काडता गाडी घाटात घातलती. नव्याची घाई असती रं." ही हकीकत खरी की माझी लाज झाकायला त्यांनी तिथल्या तिथे घडवली, हे मी अजून विचारलेलं नाही.

पापुद्रा निघाला, जुनी पेस्ट पुसली, नवी मटाराच्या दाण्याएवढी लावली. स्क्रू आवळताना चाचा डोक्यावर उभे होते: "समोरासमोरचे आवळ. थोडं थोडं. एकाच बाजूनं दाबू नको." सुरू केला. गेम लावला. साठ, चौसष्ट, सहासष्ट, आणि आकडा तिथेच बसून राहिला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मी धाकट्याला फोन लावला. पडद्यावर माझ्या मागे एक पिवळा ट्रक येऊन उभा राहिला आणि फोनमधून आवाज आला, "दादा! दिसलास!"

मी चाचांना खुर्चीत बसवलं. "ह्याचं चाक कुटंय?" त्यांनी विचारलं. चाक नव्हतं, चार बटणं होती. चाचांनी कसल्याशा परदेशी डोंगरात ट्रक घातला, पण असा काही हळू की मागून सायकली पुढे गेल्या असत्या.

"दादा, हे काय चालवणं आहे?"

"मी चालवतुया," चाचा फोनकडे तोंड करून म्हणाले.

पलीकडून आवाज आला, "चाचा, तुम्ही?" पिवळा ट्रक तेवढाच हळू होऊन मागे मागे येत राहिला, एकदाही पुढे गेला नाही. डोंगरमाथ्यावर चाचांनी गाडी कडेला घेतली. "गार हुंदे जरा." त्या गेममध्ये इंजिनं तापत नाहीत, हे मला माहीत होतं आणि धाकट्यालाही. तोही मागे येऊन थांबला.

दोन्ही ट्रक तसेच उभे होते. मग त्याने विचारलं, "दादा, बाबांची गाडी आता कोण चालवतं रे?"

"सोमाटण्याचा एक जण आहे. हिरवी रंगवलीय त्याने. मधूनमधून दिसते."

"बरी दिसते?"

"बरी दिसते. ती विकायच्या आधी तुला नीट विचारायला हवं होतं मी."

तो म्हणाला, "मीही तेव्हा फार बोललो." आणि मग त्याने हिरव्या रंगाबद्दल विचारलं, गाडीच्या हॉर्नबद्दल विचारलं, आमच्या अंगणातल्या चिंचेच्या झाडाबद्दल विचारलं. जेवलास का, हे त्या दिवशी कुणीच कुणाला विचारलं नाही. मध्येच माझं लक्ष खुर्चीकडे गेलं. बटणावर बोट तसंच ठेवून, मान एका बाजूला टाकून चाचा झोपले होते.

"चाचा झोपलेत," मी हळूच म्हणालो.

"मग हळू बोलू," धाकटा म्हणाला. आणि आम्ही हळू आवाजात बोलत राहिलो.