आत्याची चमचाभर मेथी

पुस्तकं बांधायच्या त्या कारखान्यात सगळे तिला आत्या म्हणत. मालकही म्हणे, कारण हाफपँट घालून वडिलांच्या मागे मागे यायचा तेव्हापासून त्याने तिला शिलाईच्या टेबलाशीच बसलेलं पाहिलं होतं. छापलेल्या कागदांना घड्या घालून फर्मे तयार होत आणि ते दाभणाने टोचून दोऱ्याने एकमेकांत शिवायचं काम आत्याचं. एकोणचाळीस वर्षं. आपल्या हातचं पान कधी सुटत नाही, ही गोष्ट ती स्वतःच सांगून टाकायची. दुसऱ्याने सांगावी म्हणून वाट बघत बसणारी बाई ती नव्हे.

त्यानंतर ती सांगायची मेथीबद्दल. संध्याकाळी घरी निघताना टेबलाजवळच्या खिडकीत ग्लासभर पाण्यात चमचाभर मेथीदाणे भिजत घालायचे, सकाळी आल्या आल्या पाणी पिऊन दाणे चावून खायचे. कडू लागले तर तोंड खुशाल वाकडं करा, पण गिळा. केस गळत असतील तर तीच मेथी वाटून डोक्याला लावा. कटिंग मशीनवाल्याच्या पोटाची तक्रार तिने भर कारखान्यात इतक्या मोकळेपणाने चर्चेला घेतली होती, की तो बिचारा मेथीने बरा झाला की लाजेने, हे अजून ठरायचं आहे.

तिला स्वतःला साखरेचा त्रास होता. सहा वर्षं रोज सकाळी एक गोळी चालू होती, आणि मेथी तर त्याच्याही आधीपासून. तब्येत ठणठणीत. मग मागच्या महिन्यात अचानक काय झालं कोण जाणे, रोज अकराच्या सुमाराला हात थरथरायला लागला. कपाळाला घाम यायचा आणि दोरा दाभणाच्या नेढ्यात जायचं नाव घेईना. एका जाडजूड शब्दकोशाचे दोन फर्मे तिने उलटे शिवले, आणि नेमके तेच मालकाच्या हाती पडले.

मालक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, तिने चार शब्द सुनावले असते. त्याने खुर्ची ओढून हळू आवाजात सांगितलं की सोमवारपासून शिलाई सूनबाई बघतील, तुम्ही घड्या घालायला बसा, वयाला झेपेल असं काम आहे. सूनबाई म्हणजे तिचीच सून, पलीकडच्या टेबलावर पुठ्ठ्यांना खळ लावणारी. तिच्याबद्दल आत्याच्या मनात काही नव्हतं. पण घड्या घालायच्या म्हणजे उरलेले दिवस ढकलायचे, हे तिला पुरतं कळलं, आणि ती मनातून फार घाबरली. घाबरल्यावर तिने एकच गोष्ट केली. मेथी नेमाने घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सून तिला घरी न्यायला टेबलाजवळ आली, तेव्हा आत्या दाणे भिजवत होती. सून बघतच राहिली.

"आई, हा खळीचा चमचा आहे."

"नवा कोरा आहे. धुऊन घेतलाय. आपला छोटा मागच्याच महिन्यात रद्दीत गेला कुठेतरी."

"पण याच्यात छोटे चार मावतील."

आत्याने चमचा उजेडात धरून पाहिला. त्या कारखान्यात चमचाभर म्हटलं की हाच चमचा. कीड लागू नये म्हणून बादलीभर खळीत किती चमचे मोरचूद घालायचं ते याच्याच मापाने ठरे. एकोणचाळीस वर्षं तिची नजर त्याच मापाला बसलेली, त्यामुळे महिनाभर तिला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. वर इतके दाणे खाऊन पोट भरल्यासारखं वाटे, म्हणून न्याहारीही बंद झाली होती.

शनिवारी सून तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बोटातून थेंबभर रक्त घेतलं, तर साखर पार खाली गेलेली. गोळीशिवाय आणखी काय घेता, असं बाईंनी विचारलं. मेथी काय सांगायची गोष्ट आहे का, असं आत्याचं म्हणणं. बाईंनी शांतपणे समजावलं की गोळी साखर उतरवते, मेथीही थोडी उतरवते, आणि त्यात पोट रिकामं. मग हात नाही थरथरणार तर काय होणार? गोळी सोडायची नाही, न्याहारी चुकवायची नाही, मेथी घ्यायचीच तर चहाचा एक चमचा, आणि महिन्याने रक्त तपासायला यायचं. आत्याने कबूल केलं. मेथी बंद करा म्हणाल्या असत्या तर मात्र तिथे भांडण झालं असतं.

सोमवारी ती पोटभर खाऊन कारखान्यात आली, पण टेबलाकडे गेली नाही. आधी कटिंग मशीनवाल्यासमोर उभी राहिली.

"तू मेथी कुठल्या चमच्याने घेतोस?"

तो बायकोच्या चहाच्या चमच्याने घेत होता. तिने सुटकेचा निःश्वास सोडला आणि पुढच्या माणसाकडे वळली. ज्यांना ज्यांना तिने मेथी सांगितली होती, त्या अकराही जणांना तिने विचारलं, आणि प्रत्येकाला आपली चूक न लपवता सांगितली. साखरेवरची गोळी घेणाऱ्या दोघांना तर डॉक्टरीणबाईंचा पत्ताच लिहून दिला. चूक मेथीची नाही, माझ्या मापाची, एवढं मात्र ती दरवेळी ठासून म्हणाली.

मग ती सुनेला बाजूला सरकवून शिलाईला बसली. तोच शब्दकोश, ते दोन फर्मे उसवून तिने पहिल्यापासून घेतला. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. दाभण सरळ जात होतं, दोरा नेढ्यात पहिल्या खेपेला शिरत होता. मालक केव्हाचा मागे येऊन उभा होता.

"आत्या, घड्यांना दुसऱ्या कुणाला तरी बसवतो."

तिने मान वर केली नाही. तिला रडू आलं होतं, आणि ते पुसायला एकही हात मोकळा नव्हता.